बंदुकीवरची वेलबुट्टी

बंदूक ह्या वस्तूशी माझा आयुष्यात एकदाच प्रत्यक्ष संबंध आला. अंबरनाथच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत, फुगे फोडायच्या दुकानात. आठ आण्यांना पाच छर्रे मिळायचे. पाचांतले चार कुठं गेले ते त्या शंकरालाच ठाऊक. पाचवा मात्र अचूक बसला, पण तो दुकानदाराच्या पेट्रोमॅक्सच्या काचेवर. आठ आण्यांच्या खेळापायी साडेचार रुपये भरून मी घरी आलो आणि त्याच रात्री शस्त्रसंन्यास घेतला. अर्जुनाला समजूत घालणारा कुणी भेटला म्हणून त्याचा संन्यास मोडला. मला तसा कुणी भेटला नाही, म्हणून माझा आजतागायत टिकला आहे.

अशा माणसानं वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एका बंदुकीच्या प्रेमात पडावं, हे तुम्हांला पटणार नाही. आमच्या हिलाही पटलेलं नाही. पण घडलं ते असं.

मी कुळगावला राहतो. बाहेरच्या माणसांच्या भाषेत बदलापूरला. पूर्वी इथं घोडे बदलायचे म्हणून हे बदलापूर, असं सांगतात. हल्ली सकाळच्या लोकलमध्ये एकदा शिरलं, की घोडे सोडाच, पाय बदलायचीसुद्धा सोय नाही. म्हणून नातीला मुंबईचं म्युझियम दाखवायचं ठरलं तेव्हा आम्ही मुद्दाम दुपारची गाडी धरली. नात नऊ वर्षांची. तिला पेंढा भरलेले प्राणी बघायचे होते. मला बसायला बाक हवा होता.

हे म्युझियम म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ साली ते लोकांना खुलं झालं. प्राणी बघून झाले, पक्षी झाले, आणि बाक शोधता शोधता आम्ही शस्त्रांच्या दालनात शिरलो. तिथं अकबर बादशहाचं चिलखत आणि ढाल आहे. नात तिकडं धावली, आणि मी एका काचेपाशी थबकलो. आत एक जुनी बंदूक आडवी ठेवली होती. तिच्या काळ्याभोर पोलादावरून सोन्याची वेल चढत गेली होती. पानं, कळ्या, मध्येच एक पाकळी उमललेली. एखाद्या जुन्या पैठणीचा पदर कुणी लोखंडाला गुंडाळावा, तशी. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. ‘वा!’ असं तोंडातून मोठ्यानं निघून गेलं. भीमसेनांच्या मैफलीत मी असं ओरडलो होतो, त्यानंतर हे आत्ताच.

घरी आल्यावर मी ह्या कामाच्या मागं लागलो. निवृत्त माणसाला मागं लागायला काहीतरी लागतंच. बर्मिंगहॅमला असलेल्या भाच्यानं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक पाठवलं. त्यातून आणि इकडून तिकडून जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

आपल्याकडची पद्धत कोफ्तगिरीची. पोलादाचा पृष्ठभाग आधी बारीक आडव्याउभ्या रेघांनी खरवडून घ्यायचा, म्हणजे तो कानशीसारखा खरखरीत होतो. मग त्यावर केसाएवढी सोन्याची तार वेलीच्या वळणानं मांडायची आणि हलक्या हातोडीनं ठोकून बसवायची. ते खरबरीत पोलाद सोन्याला धरून ठेवतं. पुढं गरम करायचं, गुळगुळीत दगडानं घासायचं. दुसरी पद्धत तहनिशानची. तिच्यात आधी खोल चर कोरतात आणि सोनं त्या चरात ठासतात. हे काम जास्त टिकाऊ, आणि अर्थातच जास्त जिकिरीचं.

युरोपात सोन्यापेक्षा कोरण्यावर भर. पोलाद मऊ असतानाच कोरायचं आणि कोरून झालं की भट्टीत घालून कडक करायचं. हातात एक लहानशी टोकदार छिन्नी, डोळ्याला भिंग. इटलीत गार्दोने नावाचं गाव आहे, तिथं पिढ्यान्‌ पिढ्या बंदुका होतात. तिथले कारागीर ‘बुलिनो’ नावाच्या छिन्नीनं नुसत्या ठिपक्यांचं आणि केसासारख्या रेघांचं चित्र काढतात. तितराच्या पंखातलं पीस न्‌ पीस मोजून घ्यावं. एका बंदुकीवर शेकडो तास जातात. आणि ह्या सगळ्या कामात खोडरबर नाही. हात एकदा घसरला की घसरला.

हात घसरण्याबद्दल मला विशेष सहानुभूती आहे. कोरीव कामाचा आमच्याही घराला अनुभव आहे. मुलाच्या मुंजीत पाहुण्यांना द्यायला आम्ही एक्कावन्न स्टीलच्या वाट्या घेतल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ ते विजेचं गुर्रर्र करणारं यंत्र घेऊन भांड्यांवर नावं घालायला बसायचे. मी त्यांना चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला, ‘सप्रेम भेट’. माझं अक्षर शाळेपासूनच वादग्रस्त. संध्याकाळी वाट्या आणायला गेलो तर एक्कावन्नही वाट्यांवर, अतिशय सुबक वळणात, ‘सश्रम भेट’. कारावासाखेरीज हा शब्द मी कुठं पाहिला नव्हता. सहा महिन्यांची शिक्षा लिहायचीच काय ती राहिली होती. “चिठ्ठीत आहे तेच घातलंय, साहेब,” ते म्हणाले, आणि चिठ्ठी पुढं केली. खरंच ‘सश्रम’ दिसत होतं. पन्नास वाट्या तशाच वाटल्या. एक्कावन्नावी अजून घरात आहे.

तर म्युझियमकडं वळू. मी त्या काचेपुढं ‘वा’ म्हणून उभा असताना नात अकबराकडून परत आली. तिनं बंदूक पाहिली, माझा चेहरा पाहिला, आणि विचारलं, “आजोबा, ह्या बंदुकीनं कुणाला मारलं?”

मी खाली लावलेला कागद वाचला. पोलाद आहे, सोनं आहे, शतक आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर नव्हतं. “तसं काही लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“पण तुम्ही ‘वा’ म्हणालात,” ती म्हणाली. आणि पुढच्या काचेकडं निघून गेली.

लहान मुलांचं हे एक असतं. गोळी झाडतात आणि पुढं जातात. जखम मोजत आपण बसायचं.

मला आठवण झाली विजापूरची. ऑफिसच्या सहलीबरोबर आम्ही तिथली मुलुखमैदान तोफ पाहिली होती. मराठीत फर्ड्या वक्त्याला मुलुखमैदान तोफ म्हणतात. आमच्या ऑफिसातही एक होती, तिनं तिथंच अर्धा तास भाषण केलं. मूळ तोफ मात्र गप्प असते. १५४९ साली ती अहमदनगरला, निजामशाहीत, महंमद रूमी नावाच्या ओतकामगारानं ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांहून जरा जास्त. तोंड सिंहासारखं उघडलेलं, आणि सिंहाच्या दाढेत हत्ती चिरडतो आहे. हत्ती इवलासा, पण त्याची धडपड स्पष्ट दिसते. आधी ती परंड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ साली विजापूरला नेली. गाइड म्हणाला, हातानं ठोकली तर घंटेसारखी वाजते. आम्ही सगळ्यांनी ठोकून पाहिली. देवळात आल्यासारखं वाटलं. एकानं तर चप्पल काढली.

पुढं १८५४ साली ह्या तोफेचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत वरची बोली आली दीडशे रुपये. तेवढ्यात वरच्या साहेबाला उपरती झाली आणि विक्री रद्द झाली, म्हणून ती अजून बुरजावर आहे. ज्या तोंडासमोर उभं राहायला फौजा कचरल्या असतील, त्याची किंमत मोडीच्या भावात दीडशे. पण मला आता आठवतं ते दुसरंच. त्या सिंहाच्या जबड्यात आम्ही आमच्या मुलाला बसवून फोटो काढला होता. मुलगा हसतो आहे, शेजारी हत्ती मरतो आहे. तो फोटो आम्ही कौतुकानं वर्षानुवर्षं भिंतीवर लावला. दौलताबादच्या मेंढा तोफेपाशीही तेच. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं ओतलंय, आणि येणारे-जाणारे त्या मेंढ्याला कुरवाळतात. पुढच्या टोकाला काय होतं ते कुणाच्या मनात येत नाही.

म्हणजे नक्षी काही उगीच नसते. तिला नोकरी असते. मुलुखमैदानच्या सिंहाची नोकरी भिववायची. दुसऱ्या एका नक्षीची नोकरी खूश करायची. अमेरिकेत सॅम्युअल कोल्ट नावाचा रिव्हॉल्वरवाला होता. त्यानं १८५३ च्या सुमाराला पोलादावर सोन्याची चित्रं जडवलेली रिव्हॉल्वरं करवून घेतली. त्यांतलं एक तुर्कस्तानच्या सुलतानाला नजर केलं. सप्रेम भेट! सुलतानाला भेट एक, मागाहून फौजेची मागणी हजारांची, हा हिशेब. ज्यांची मागणी यायची, त्यांच्यावर अर्थातच सोन्याची चित्रं नव्हती. आमच्याकडं मिठाईवाला चव बघायला एक पेढा देतो, त्यातलाच प्रकार.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी शेजारच्या अप्पांकडं गेलो. अप्पा माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांनी उभी हयात काढली. ही फॅक्टरी १९५३ सालची. अप्पा तिथं काडतुसांच्या पितळी नळकांड्यांच्या खात्यात होते. मी भाच्याचं पुस्तक त्यांच्यापुढं उघडलं. अप्पांनी भिंग मागितलं. बराच वेळ एकही शब्द नाही. मग म्हणाले, “हात आहे हो माणसाला.” कारागिरानं कारागिराला दिलेली ही दाद माझ्या ‘वा’पेक्षा निश्चितच वजनदार होती.

“अप्पा,” मी विचारलं, “तुमच्या मालावर कधी असं काही?”

अप्पा मोठ्यानं हसले. “नक्षी? अहो, एक ओरखडा दिसला तर माल नापास. तपासणीवाला नखानं चाचपायचा. आमची कारागिरी म्हणजे काहीही न दिसणं. एक नळकांडं दुसऱ्यासारखं, दुसरं तिसऱ्यासारखं.”

मी माझा मुद्दा मांडला. म्हटलं, अप्पा, खरं तर ह्या नक्षीदार बंदुका कुणी फारशा उडवत नाही. इतकी मेहनत झाली की मालकाला ती पावसात न्यायचा जीव होत नाही. ती भिंतीवर जाते, मग म्युझियममध्ये जाते. म्हणजे ह्या कारागिरानं एका परीनं बंदुकीला अहिंसाच शिकवली.

“मग सरकारला कळवा की,” अप्पा म्हणाले. “म्हणावं, प्रत्येक बंदुकीवर नक्षी सक्तीची करा. एका बंदुकीला एक वर्ष. फौज उभी राहीपर्यंत शंभर वर्षं जातील. तोवर भांडण कशाचं होतं ते दोघंही विसरतील.”

आम्ही दोघंही हसलो. चहा आला. चहा पिता पिता अप्पा पुस्तकातलं ते तितर पुन्हा बघत राहिले.

“एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही लागोपाठ दोन-दोन पाळ्या केल्या,” ते एकदम म्हणाले. “घरी आलो तरी हाताला पितळेचा वास. साबण लावला तरी जायचा नाही. भाताच्या घासालासुद्धा तोच वास. पण अभिमान होता हो. आजही आहे. सीमेवर आपली पोरं उभी, त्यांच्या हातात माल वेळेवर पोचला पाहिजे, बस्स. माल पोचला. पुढं तो कुठं पोचला, ते मला कुणी कळवलं नाही. मीही कधी विचारलं नाही.” पुस्तकावर बोट ठेवून ते म्हणाले, “ह्यानं तरी विचारलं असेल का?”

मला काही बोलता येईना. अप्पाच पुढं म्हणाले, “आमच्या मालाचं एक बरं होतं. तो जे होता तेच दिसायचा. हातात घेताना कुणाची फसगत व्हायची नाही. ह्याच्यावर पाखरू काढलंय. हातात घेणाऱ्याला पाखरू दिसणार.”

हे मला लागलं, कारण मला म्युझियममध्ये नेमकं पाखरूच दिसलं होतं.

पण म्हणून नुसतं तोंड फिरवावं, असंही मला वाटेना. आपण तरी कुठले सोवळे? खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. घरात शस्त्र म्हणजे विळी, कात्री, आणि माझा दाढीचा वस्तरा. तरी हळदकुंकू लागतंच. अप्पांच्या खात्यातही त्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा चढायच्या, पेढे वाटले जायचे. फरक एवढाच की आपली फुलं दुसऱ्या दिवशी सुकतात आणि केरात जातात, आणि यंत्र पुन्हा यंत्र दिसू लागतं. पोलादावरचं फूल सुकत नाही. ते दोनशे वर्षं तसंच टवटवीत राहतं, आणि खालचं पोलाद कशासाठी होतं ते आपण विसरून जातो.

पुढच्या सोमवारी नातीला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शिलाहारांच्या वेळचं. शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. बाहेरच्या भिंतीवर कोरायला एक वीतभर जागा सोडलेली नाही. देव, अप्सरा, हत्ती, वेली. शेवटी तीच छिन्नी, तोच हात, तेच डोळे फोडून घेणं. मग पायऱ्या उतरून आपण खाली गाभाऱ्यात जातो. तिथं अंधार, ओल, आणि साधी पिंडी. नक्षीचं नाव नाही. सगळी नक्षी तुम्हांला इथवर आणून सोडते आणि बाहेर थांबते.

त्या अंधारात मला बंदूक आठवली. देवा, क्षमा कर. पण तिचंही असंच आहे की. सगळी वेलबुट्टी बाहेर. नळीच्या आत कुणी पाखरू काढत नाही. आत काही कोरलेलं असलंच, तर गोळीला फिरकी द्यायला पिळाच्या खाचा. देवळाची नक्षी माणसाला आतल्या गोष्टीपाशी नेते. बंदुकीवरची नक्षी माणसाला आतल्या गोष्टीपासून बाहेर, त्या वेलीपाशी, अडकवून ठेवते. दोन्हींतल्या छिन्नीत फरक नाही. फरक पडतो तो बघणारा पुढं आत जातो की नाही, ह्यात. मी म्युझियममध्ये बाहेरूनच परत आलो होतो. आत गेली ती नऊ वर्षांची पोर.

बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो तेव्हा मी तिला म्हटलं, “तू त्या दिवशी विचारलंस ना, त्या बंदुकीनं कुणाला मारलं? मला माहीत नाही. मारलं असेल. कदाचित नसेलही. पण ती त्यासाठीच केली होती, एवढं खरं. आणि ती वेल सुंदर आहे, हेही खरं.”

“दोन्ही खरं?” तिनं विचारलं.

“दोन्ही.”

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, “मग तुम्ही ‘वा’ म्हणा. पण हळू म्हणा.”

ह्याहून शहाणा निकाल एखाद्या न्यायाधीशानं दिला असता, असं मला वाटत नाही. मी त्यात एवढीच भर घालीन की दाद द्यावी, पण देताना नळीच्या तोंडाकडं पाठ करून उभं राहू नये. बंदुकीपुढं तसं उभं राहणं एरवीही शहाणपणाचं नाही.

आणखी एक प्रश्न तिनं परतीच्या गाडीत विचारला. “ती वेल कोरली कुणी? त्याचं नाव का नव्हतं?” त्याचं उत्तर मात्र माझ्यापाशी होतं. नाव मालकाचं राहतं. देवळावर राजाचं, तलवारीवर सरदाराचं, वाटीवर यजमानाचं. कोरणारा दुसऱ्यांची नावं कोरून निघून जातो.

कुळगावला घरी पोचलो. आमच्या हिनं वाटीत चिवडा दिला. तीच ती एक्कावन्नावी वाटी. चिवडा संपला तशी आतली अक्षरं वर आली. इतकी वर्षं मी त्या माणसाची चूक म्हणून हसत आलो. आज भिंग घेऊन पाहिलं. ‘श्र’चं वळण काय सुरेख घेतलं होतं! पायरीवर बसून, दुपारच्या उन्हात, एक्कावन्न वेळा. माझ्या चिठ्ठीतला ‘सप्रेम’ त्याला दिसला नाही, पण त्याचा स्वतःचा श्रम त्यानं बरोबर लिहिला होता. एवढी एकच वस्तू माझ्या पाहण्यात आहे, जिच्यावर कोरणाऱ्याची सही राहून गेली.

मी ‘वा’ म्हणालो. हळूच म्हणालो. तरी आमची ही आतून म्हणालीच, “काय झालं? चिवड्यात खडा लागला का?”